डावा जरा मंद

“आणि कपाट काय मी डोक्यावर घेऊन उभी राहू?”

“डोक्यावर कुठे म्हणतोय? पॅसेजमध्ये म्हणतोय. नुसतं सात फूट सरकवायचं.”

“पॅसेजमध्ये कपाट आलं की बाथरूमचं दार उघडणार नाही.”

“अर्धं उघडतं. मोजलंय मी.”

“अर्ध्या दारातून तुम्ही जाणार?”

“जरा तिरकं झालं की जाता येतं,” असं म्हणून चष्मेवाल्यांनी नकळत स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि दारात चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या लेकीला ठसका लागला.

रविवारची सकाळ होती, पण भांडण शनिवारचं होतं. ते रात्री दोघांबरोबर झोपलं होतं आणि सकाळी दोघांच्या आधी उठलं होतं. जागा मागची खोली, दहा बाय बारा. पलंग आपली भिंत सोडून दाराशी आलेला. पाहुण्यांची गादी भिंतीला टेकून उभी, जणू शिक्षा झाली आहे. खिडकीवर पडद्याच्या जागी दोन रजया. आणि समोरच्या भिंतीशी टेबलावर दोन काळे स्पीकर, प्रत्येकाला वर एक लहान गोल आणि खाली एक मोठा. आठ दिवसांपूर्वी ते घरात आले आणि कानामागून येऊन तिखट झाले. तेव्हापासून या खोलीत बायकोने काहीही करायचं म्हटलं, की आधी त्यांना विचारावं लागत होतं.

“साधे स्पीकर नाहीत हे,” पहिल्याच दिवशी चष्मेवाल्यांनी सांगितलं होतं. “साधे स्पीकर गाणं गोड करून ऐकवतात. हे मॉनिटर. स्टुडिओत असतात तसले. जे आहे ते सांगतात. चुकलं असेल तर तोंडावर सांगतात.”

“तोंडावर सांगणारी एक होती की घरात,” ती म्हणाली होती. “फुकटात.”

चष्मेवाले म्हणजे तिचा नवरा. चौकातल्या किल्लीवाल्याच्या आणि चपलांच्या दुकानाच्या मध्ये त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, तीस वर्षांपासून. नाव पाटीवर होतं, पण वाचायला कोण जातो. सगळे चष्मेवालेच म्हणत. माणूस कामात चोख. बाकीचे दुकानदार फ्रेम काढून देतात, पैसे घेतात आणि मोकळे होतात. हे तसे नाहीत. हे गिऱ्हाइकाला समोर बसवणार, हनुवटी वर करायला सांगणार आणि एक डोळा मिटून त्याच्या कानांकडे पाहत राहणार. कारण त्यांचं म्हणणं, कुणाचेच दोन कान एका रेषेत नसतात. एक दोन-तीन मिलिमीटर खाली असतोच. म्हणून चष्म्याची एक काडी गरम करून किंचित वाकवावी लागते, तेव्हा चष्मा नाकावर सरळ बसतो. अख्ख्या वस्तीत कुणाचा कोणता कान खाली आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. रस्त्याने जाताना नमस्कार करणाऱ्याचं नाव आठवायचं नाही, पण “डावा तीन मिलिमीटर,” एवढं मात्र पुटपुटायचे.

दुकानातली सवय घरी येते, तशी त्यांची एक सवय घरी आली होती. डोळे तपासताना भिंगं बदलत विचारतात ना, “हे बरं, की हे?” ते त्यांच्या जिभेवर बसलं होतं. शर्ट घालताना, भाजी निवडताना, बायको रुसली तर समजूत काढतानाही. लग्नानंतर महिनाभरात त्यांनी तिला आधी हसून दाखवलं, मग गंभीर चेहरा करून दाखवला आणि विचारलं होतं, “हे बरं, की हे?” तेव्हा तिला ते फार गोड वाटलं होतं. तेव्हा तिला बऱ्याच गोष्टी गोड वाटत.

संगीताचं खूळ लेकीमुळे लागलं. लेक तिसरीत असताना तिच्यासाठी म्हणून एक छोटा कीबोर्ड आणला. लेक तो अकरा दिवस शिकली. बाराव्या दिवसापासून तो चष्मेवाल्यांचा झाला. मग कॉम्प्युटर आला, मग त्यात एकेक वाद्य भरता येतं हे कळलं, आणि गेली सतरा वर्षं हा माणूस दुकान बंद करून घरी आला, की हातपाय धुऊन, कानांवर हेडफोन चढवून मागच्या खोलीत बसत होता. चाली बांधायचा. कुणासाठी, कशासाठी, काही नाही. बाहेर एकाही माणसाने त्या ऐकल्या नव्हत्या. ऐकवायचा धीर नव्हता, असं बायकोचं मत. ते म्हणत, “अजून पक्क्या झाल्या नाहीत.”

मग या वर्षी अंधशाळेच्या बाई दुकानात आल्या. स्वतःचा चष्मा दुरुस्त करायला. शाळेतल्या मुलांसाठी त्या दहा गोष्टी ध्वनिमुद्रित करत होत्या, स्वतःच्याच आवाजात. बोलता बोलता म्हणाल्या, गोष्टींच्या मागे थोडं संगीत असतं तर बरं. काउंटरमागून चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकाच्या कानांची उंची न पाहता त्याला जाऊ दिलं.

दोन महिने खपून दहाही गोष्टींच्या चाली त्यांनी बांधल्या आणि पहिल्या तीन गोष्टींचं संगीत पाठवलं. बाईंचा फोन आला तेव्हा बायको शेजारीच बसली होती. बाई चांगल्या शब्दांतच बोलत होत्या. चाली मुलांना आवडल्या. फक्त मुलं म्हणतात, सगळी वाद्यं एका कोपऱ्यात का जाऊन बसली आहेत? एकीने तर विचारलं, बासरीवाल्याला मधे बसायला जागा मिळाली नाही का? मुलं फार बारीक ऐकतात हो, रागावू नका. पण दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारपर्यंत दहाही गोष्टी नीट होऊन मिळाल्या तर ठीक, नाहीतर आम्ही तयार संगीत घेऊन टाकतो, तेही मिळतं.

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ चष्म्याची काच पुसत बसले. पुसून झालेली काच पुन्हा पुसली. रागावले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. “हेडफोनचा दोष आहे,” शेवटी म्हणाले. “डावी बाजू मंद झालीय त्याची. मला बरेच दिवस शंका होतीच.”

“मग उलटे घालून बघा की. कळेल तरी.”

“उलटे?” त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती दाराला चप्पल लावून पायात कुलूप घालायला सांगत होती. “त्याच्यावर डावा-उजवा लिहिलेलं असतं. डाव्या डोळ्याची काच कुणी उजवीकडे बसवतं का?”

आणि तिसऱ्या दिवशी मॉनिटर आले.

मग सुरू झाली मोजणी. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हायला हवा. तो तिच्या शिवणाच्या टेपने मोजला गेला. त्रिकोणाच्या टोकाला फिरती खुर्ची आणि खुर्चीखाली जमिनीवर चिकटपट्टीची फुली. स्पीकर भिंतीला चिकटलेले नकोत, नाहीतर खर्ज फुगतो. म्हणून टेबल दीड हात पुढे आलं आणि पलंग दाराकडे गेला. खोली घुमते का ते पाहायला चष्मेवाले कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या कोपऱ्यात असताना खालच्या मजल्यावरची शेजारीण वर येऊन विचारून गेली, “कुणाचा सत्कार आहे?”

लहान गोल बरोबर कानाच्या उंचीवर यायला हवा, असा नियम होता. इथे इतर माणसांचं काम संपलं असतं. पण चष्मेवाल्यांना स्वतःचा डावा कान उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर खाली आहे हे ठाऊक होतं. त्यांनी उजव्या स्पीकरखाली वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. एक घडी, दोन घड्या, पट्टी लावून पाहिलं. मग एक पान काढलं.

“बाबा, तीन मिलिमीटरने काय फरक पडणार आहे?” लेकीने विचारलं.

“तुझ्या नाकावर चष्मा असता तर कळलं असतं,” बाबा म्हणाले.

एवढं सगळं करून बाईंच्या आवाजातली पहिली गोष्ट लावली. चष्मेवाल्यांनी डोळे मिटून ऐकलं. ऐकता ऐकता कपाळावर आठी आली.

“डावा जरा मंद आहे.”

आठ दिवस घरात हेच एक वाक्य होतं. वायर बदलली, डावा मंद. दुकानातून माणूस आला, त्याने दोन्ही स्पीकर उचलून एकमेकांच्या जागी ठेवले, आणि तरीही डावीकडचाच मंद. दुकानातला माणूस म्हणाला, मशीन चोख आहे साहेब, खोलीचं काहीतरी असेल. झालं. चष्मेवाल्यांनी खोलीकडे मान वळवली. खोलीच्या डावीकडे काय, तर बायकोचं कपाट, कपड्यांनी गच्च. कपडे आवाज पितात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तोपर्यंत त्यांनी डाव्या स्पीकरच्या पाठीमागचं आवाजाचं बटण दोनदा वाढवून ठेवलं होतं, तात्पुरतं म्हणून. पण खरा गुन्हेगार कपाट.

“माझ्या साड्या तुमचं संगीत पितात?” ती म्हणाली. “आणि तुमचे कोट? ते उपाशी आहेत का?”

तर असं ते भांडण रविवारपर्यंत आलं होतं. शनिवारला सहाच दिवस उरले होते. एकाही गोष्टीच्या दुरुस्तीला हात लागला नव्हता. कारण मंद डाव्यावर विश्वास ठेवून काम केलं तर पुन्हा तेच होणार, असं चष्मेवाल्यांचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हतं, हेच तिला जास्त लागत होतं.

“सरकवा,” ती शेवटी म्हणाली. “पण बाथरूमच्या दारात अडकलात तर मी हाक ऐकणार नाही.”

तिघांनी मिळून कपाट सरकवलं. मागे लेकीचं पाचवीतलं प्रगतिपुस्तक सापडलं, जे कधीच घरी दाखवलं गेलं नव्हतं, आणि त्यावरून थोडं वेगळं भांडण होऊन गेलं. कपाट पॅसेजमध्ये स्थिरावलं. दार अर्धं उघडलं, मोजमाप बरोबर होतं. चष्मेवाले घाम पुसत खुर्चीत बसले, गोष्ट लावली, डोळे मिटले.

ती दारातून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. सतरा वर्षं तिने त्या खोलीला नावं ठेवली होती. पण या क्षणी मनात म्हणत होती, असू दे बाबा बरोबर, एकदाचं असू दे.

“डावा जरा मंद आहे,” ते म्हणाले. या वेळी हळूच म्हणाले. उठले आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

गोष्ट चालूच होती. तिची कंबर कपाटाने धरली होती. समोर रिकामी खुर्ची होती. ती बसली.

संगीतातलं तिला काही कळत नव्हतं. पण दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर तिची बावीस वर्षं गेली होती. मान खाली घालून लिहीत असताना रांगेत कोण कुठून ओरडलं, डावीकडून की उजवीकडून, हे न पाहता सांगता येणं हीच तिची नोकरी होती. म्हणून तिला एका क्षणात कळलं. बाईंचा आवाज मधोमध नव्हता. तो डाव्या स्पीकरला जाऊन चिकटला होता. डावा मंद कुठला, डावाच तर ओरडत होता.

तिने उठून मागचं बटण पूर्वीच्या खुणेवर आणलं आणि पुन्हा बसली. आवाज सरकत आला आणि बरोबर दोन स्पीकरच्या मध्ये, जिथे काहीच नव्हतं तिथे, बाई येऊन बसल्या. जणू समोर स्टूल टाकून बोलतायत. तिच्या अंगावर काटा आला. एक तर ते फार सुंदर होतं. आणि दुसरं म्हणजे तिला आणखी काहीतरी दिसायला लागलं होतं.

फोन ते नेहमी उजव्या कानाला लावतात. रस्त्याने चालताना तिला उजवीकडे घेतात. ती समजत होती, वाहनांपासून जपतात. जेवायच्या टेबलावर ती बसते त्यांच्या डावीकडे. “मी बोलते त्याकडे तुमचं लक्ष नसतं,” हे जे तिचं गेल्या पाच-सहा वर्षांचं पालुपद होतं, त्यातलं निम्मं त्या टेबलावरचं होतं. माणूस कानाडोळा करतो म्हणून ती फुगून बसायची, बहिणीकडे गाऱ्हाणं करायची. आणि या गृहस्थाला ऐकूच गेलं नव्हतं.

सगळंच गेलं नसेल असं नाही, हेही तिने लगेच मनात नोंदवलं. विजेचं बिल भरायचं आहे, हे ती दोन्ही बाजूंनी सांगून बघायची.

“अहो,” तिने हाक मारली. “या इकडे. बसा.”

“आता काय?”

“बसा म्हणते ना. डोळे मिटा. चष्मा काढा.”

“चष्मा कशाला?”

“गिऱ्हाइकाने प्रश्न विचारायचे नसतात.”

ते बसले. तिने गोष्ट पहिल्यापासून लावली. “हं, सांगा.”

“तेच. डावा मंद. आधीपेक्षा जास्तच. तू बटणाला हात लावलास का?”

“डोळे मिटलेलेच ठेवा.” तिने खुर्चीची पाठ धरली आणि खुर्ची एक पूर्ण फेरी फिरवली, मग आणखी दोन, आणि मग अर्धी. लेक दाराशी येऊन उभी राहिली आणि काही बोलणार तोच तिने डोळे वटारले. “आता? हे बरं, की हे?”

“गरगरतंय मला.”

“ते सोडा. डावा कसा आहे?”

“मंद. सांगितलं ना. डाव्या हाताचा मंदच आहे.”

“नक्की?”

“अगं, दहा वेळा तेच काय? डाव्या हाताचा! हा!” त्यांनी डावा हात हलवून दाखवला.

“उघडा डोळे.”

चष्मेवाल्यांनी डोळे उघडले, चष्मा लावला. समोर उभी गादी होती. स्पीकर पाठीमागे होते. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, पुन्हा मागे पाहिलं. डाव्या हाताला आता उजवा स्पीकर होता. तोच, ज्याची ते आठ दिवस वाखाणणी करत होते.

गोष्टीतला ससा कुठेतरी पळत होता.

“खोलीचं काहीतरी,” ते म्हणाले, पण वाक्य पुरं केलं नाही. मग डाव्या कानात बोट घालून हलवलं. “मळ असेल.”

“असेल.”

“सर्दी झाली होती मागे.”

“कधी?”

“तू दवाखान्यातून ते औषध आणलं होतंस तेव्हा.”

“त्याला सहा वर्षं झाली.”

लेकीला राहवलं नाही. “बाबा, तुम्ही दुकानात लोकांना काय म्हणता? ‘सहा वर्षं अंधूक दिसतंय आणि आज आलात होय!’”

चष्मेवाले हसले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवरची गोष्ट थांबवली आणि हात मांडीवर ठेवले. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यात या माणसाची तीस वर्षं गेली होती. आता तो स्वतःच तपासणीच्या खुर्चीत बसला होता, आणि त्या खुर्चीतून जग कसं दिसतं हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

“म्हणजे मुलं बरोबर होती,” ते म्हणाले. “मला डावीकडचं कमी ऐकू यायचं, म्हणून मी डावीकडचं वाढवत गेलो. बासरी, ढोलकं, सगळं.” त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. “इतक्या वर्षांच्या सगळ्याच चाली वाकड्या असतील गं.”

“वाकड्या कशाला? एका बाजूला बसल्यात. उठवून मधे बसवायच्या.”

“कोण बसवणार? मला मध्य कळत नाही, हे आत्ताच दाखवलंस ना तू. कानाचं काय व्हायचं ते होईल, पण शनिवारपर्यंत होणार आहे का?” त्यांनी खिशातून फोन काढला. “बाईंना कळवतो. तयार संगीत घ्या म्हणावं. मुलांना उगाच ताटकळत कशाला ठेवायचं.”

फोन शोधायला त्यांना वेळ लागला नव्हता, पण नंबर शोधायला लागत होता. बाईंचा नंबर सर्वांत वर होता; तिला उभ्या जागेवरून दिसत होता. ते खाली खाली सरकवत राहिले, जणू तो सापडला नाही तर बरं.

तिने त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन फोन हातातून काढून घेतला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. खिडकीवर रांग फार लांबली आणि आत डॉक्टर चहा पीत बसले, की ती जशी उभी राहायची, तशी.

“ऐका दोघंही. पुन्हा सांगणार नाही,” ती म्हणाली. “उद्यापासून शनिवारपर्यंत रोज सात ते नऊ त्या खुर्चीत मी बसणार. सूर-ताल तुमचा, डावं-उजवं माझं, आणि मी सांगेन तेच बटण फिरवायचं. मंगळवारी साडेदहाला आमच्या दवाखान्यात कानाचे डॉक्टर येतात, तुमचा पहिला नंबर मी लिहिलाय असं समजा. आणि आठवडाभर रात्रीचा स्वयंपाक ही आपली लेक करेल.”